गिरवायला काय घ्यावं: लाकडी लाइट बॉक्स की एलईडी पॅड?

वर्षातून दोन-चार पत्रिका, एखादं चित्र गिरवायचं, एवढंच काम असेल तर काही घेऊ नका. दिवसा खिडकीच्या काचेवर कागद चिकटवला की भागतं. हात दहा मिनिटांत भरून येतो आणि बोरूची शाई उभ्या कागदावर ओघळते, ते सोसायचं.

रोज बसणाऱ्यांसाठी जुना लाकडी बॉक्स म्हणजे पेटी, आत दोन फुटी 18 वॅटची ट्यूब, वर दुधी काच. माझा सुताराकडून करून घेतलेला अजून चालतो. तासाभरात काच कोमट होते आणि पातळ कागदाच्या कडा वळायला लागतात. जागाही खातो, पलंगाखालीच जातो. पण जाड काचेवर कटरने स्टेन्सिल कापता येतं, कोपर टेकून काम करता येतं. ट्यूब गेली तर घरीच बदलता येते.

एलईडी पॅड पाटीसारखा. जाडी साधारण अर्धा सेंटिमीटर, मोबाइलच्या चार्जरवर चालतो, फारसा तापत नाही, झोळीत मावतो. दिवे कडेला असतात आणि उजेड आतल्या अ‍ॅक्रिलिकमधून पसरतो. त्या अ‍ॅक्रिलिकवर कटर लावलात की चरा कायमचा, आणि पॅडमधले दिवे गेले की बहुधा सगळा पॅडच गेला. तरी क्लासला नेणाऱ्याने हाच घ्यावा.

खरी मेख कागदात आहे. झेरॉक्सचा 75 जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला 75 ग्रॅम वजनाचा) कागद मंद उजेडातही पारदर्शक वाटतो. सुलेखनासाठी 300 जीएसएमचा कागद लावा, खाली शिरोरेषेच्या आखणीचा कागद ठेवा, की स्वस्त पॅडवर रेघा पुसटच दिसतात. खोलीतला दिवा मालवला तर बरं. आखणी खालून दिसली की पेन्सिलीच्या रेघा नंतर खोडाव्या लागत नाहीत आणि शाई फिसकटत नाही. माझ्या लेखी लाइट बॉक्सचा सगळ्यात मोठा फायदा हाच.

मापात मात्र कंजूषी नको. ए4 पॅडवर ए4 कागद ठेवला की लिहिताना मनगट कडेवरून खाली घसरतं. जमलं तर ए3च घ्या.

दुकानात जाताना आपला नेहमीचा जाड कागद आणि आखणी सोबत न्या. दुकानदार झेरॉक्सच्या कागदावरच दाखवेल, आणि त्याला तर खिडकीही पुरते.