डकटेल्स: १९८७ चं की २०१७ चं?

रविवारी सकाळी दूरदर्शनवर हिंदीत लागणारं 'डकटेल्स', म्हणजे श्रीमंत बदक अंकल स्क्रूज आणि त्याच्या भाचरांचं डिस्नेचं कार्टून, बघत कोल्हापुरातली आमची अख्खी पिढी वाढली. तरी जुनी आणि नवी मालिका शेजारी ठेवली की माझा कौल नवीला जातो.

जुन्यात तिघे भाचे म्हणजे फक्त कपड्यांचे रंग वेगळे. आवाजसुद्धा तिघांना एकट्या रसी टेलर यांचाच. नव्यात आवाज तीन, स्वभावही तीन. लाल ह्युई माहितीपुस्तकाशिवाय पाऊल टाकत नाही, निळा ड्युई कुठंही उडी घेतो, हिरवा लुई आळशी, पण पैशाच्या बाबतीत डोकं तेज. त्यांच्यासोबत राहणारी छोटी वेबी पूर्वी बाहुली घेऊन मागं मागं यायची, आता ती सगळ्यांच्या पुढं असते. आणि या पोरांची आई कुठाय? जुन्या मालिकेनं हा विषय टाळला. नवीनं ही आई, डेला, चंद्रावर अडकल्याचं दाखवून त्याला थेट हात घातला. मूळ कलाकृतीचा मान राखणं म्हणतात ते हेच.

चित्रांत मात्र जुनी सरस. हातानं रंगवलेल्या पार्श्वभूमीवर नजर रेंगाळते. नवीत एक विनोद पोचायच्या आत दुसरा येतो.

जुन्याला हातच लावू नये, हे कोल्हापूरकरानं तरी म्हणू नये. इथल्याच चित्रपट दिग्दर्शक बाबूराव पेंटरांनी १९२५ चा आपलाच मूकपट 'सावकारी पाश' १९३६ मध्ये बोलपट करून पुन्हा काढला होता.

घरच्या पोरांना आधी जुनीचे चार-पाच भाग दाखवा, मग नवी लावा.