कुत्र्याची विष्ठा: उकिरड्यावर की खड्ड्यात?

विदर्भातील खेड्यांत पाळीव कुत्र्याची विष्ठा रस्त्यावरून उचलणारा मालक मुळातच विरळा. जो उचलतो, तो ती शेणाच्या उकिरड्यावर टाकतो किंवा धुऱ्याजवळ (शेताच्या बांधाजवळ) पुरतो. उकिरडा सोयीचा खरा, परंतु कुत्र्याची विष्ठा म्हणजे शेण नव्हे: तिच्यातील गोलकृमींची अंडी मातीत काही आठवड्यांत संसर्गक्षम होऊन पुढे वर्षानुवर्षे टिकू शकतात, आणि तेच खत सांभाराच्या (कोथिंबिरीच्या) वाफ्यात गेले, तर ती ताटापर्यंत पोहोचू शकतात. शेळ्या जवळपास चरत असतील, तर धोका आणखी वाढतो, कारण कुत्र्यातील एका फीतकृमीच्या अंड्यांमुळे त्यांच्या यकृतात व फुप्फुसांत पाण्याच्या गाठी होतात. खड्ड्याला मेहनत लागते (पावसाळ्यात काळी माती फावडे सोडत नाही), तरीही विहीर, नाला आणि भाजीपाल्यापासून दूर, खोल पुरणेच मला योग्य वाटते.