नाशिकचा फ्लॅट, नागपुरातून रिनोवेशन आणि कालनिर्णयचं पान

मे महिन्यात आम्ही नाशिकला पोचून तिसराच दिवस, सकाळी खालच्या काकू वर आल्या, चप्पल न काढता दारातूनच म्हणाल्या, "अगं तुमच्या बाथरूममधून आमच्या देवघरावर थेंब पडतोय." आणि त्याच बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगचे मी 38 हजार मोजले होते. वेगळे. टाइल्सच्या व्यतिरिक्त.

तर आधीपासून सांगते, लांब राहून घराचं काम काढणार असाल तर वाचा. माझं माहेर नाशिक, पंचवटीत वाढले, आता पंचवीस वर्षं नागपूर. नागपूरचा मे काय असतो ते तिथल्यांना सांगायला नको, म्हणून गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला एक जुना टू बीएचके घेऊन ठेवलाय, उन्हाळ्यात महिनाभर आणि दिवाळीत आठ दिवस. किचन, दोन्ही बाथरूम, वायरिंग सगळंच बदलायचं होतं. सोसायटीत पेंटिंग करणाऱ्या एकाने ठेकेदाराचा नंबर दिला. माणूस गोड, पहिल्या फोनपासून ताई ताई. कॉलेज रोडवरचा एक सुंदर फ्लॅट "आपणच केलाय" म्हणून दाखवला, नंतर कळलं तिथे त्याने फक्त रंग दिलेला. एस्टिमेट 6 लाख 40 हजार.

आता माझी हुशारी ऐका. मी एकदम पैसे दिले नाहीत! सगळे सांगतात ना टप्प्याटप्प्याने द्या, तसेच दिले, तोडफोड झाली की इतके, प्लंबिंग झालं की इतके, टाइल्स बसल्या की इतके. फक्त टप्पा पूर्ण झाला हे ठरवत कोण होतं, तर तोच, व्हॉट्सॅपवर फोटो टाकून. फोटो आला की मी अर्ध्या तासात पैसे टाकायचे आणि वर आमच्या ह्यांना म्हणायचे, बघा कसं शिस्तीत चाललंय. समृद्धी झाल्यापासून गाडीने सकाळी निघालं तर दुपारी नाशिक, पण प्रत्येक वेळी वाटायचं कशाला डिझेल आणि टोल घालवा, फोटो तर रोज येतायत.

मध्ये काम थांबलं. ऑगस्टमध्ये म्हणाला, ताई गोदेला पूर आलाय, दुतोंड्या मारुती बुडाला, माल येत नाहीये. अहो दुतोंड्याच्या कंबरेला पाणी लागलं की छातीला लागलं हे घाटावर उभं राहून बघत मी लहानाची मोठी झाले, पूर कुठे येतो आणि माझा फ्लॅट कुठे आहे हे मला माहीत नको? पण नाशिकचं नाव आणि दुतोंड्याचं नाव ऐकलं की मी विरघळते, हे त्याने पहिल्या फोनमध्येच ओळखलेलं. ऑक्टोबरमध्ये कारण होतं कुंभमेळा. 2027 च्या सिंहस्थाची कामं निघालीत, मिस्त्री तिकडे पळाले, रोज वाढवून द्यावा लागेल. दिला. एकूण 4 लाख 85 हजार गेले, त्यातले निम्मे कॅश, कारण "पक्कं बिल हवं तर 18 टक्के जीएसटी वर पडेल ताई". मला तेव्हा ती बचत वाटली.

काकू येऊन गेल्यावर मी सगळे जुने फोटो उघडून बसले. बाथरूमच्या फोटोत काचेच्या पट्ट्यांची खिडकी, आमच्याकडे तर एक्झॉस्टचं भोक आहे फक्त. आणि एका फोटोत मागे भिंतीवर कालनिर्णय, पान ऑक्टोबरचं. तो फोटो मला आलाय ऑगस्टमध्ये! तेव्हा झूम करून टाइलचा रंग बघितला होता मी, कॅलेंडर नाही बघितलं.

मग एकेक उघडत गेलं. ओळखीच्या सुताराने ट्रॉलीच्या मागचा तुकडा काढून उकळत्या पाण्यात टाकला, दुपारपर्यंत पापुद्रे सुटले. हिशेबात लिहिलेलं 710 प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा, त्याच्या शीटवर आयएस 710 चा शिक्का छापलेला असतो, शीट कापायच्या आधी बघायचा असतो. गीझरच्या लाईनला 4 ची (स्क्वेअर एमएम, म्हणजे जाड) वायर लावली म्हणून पैसे घेतले, बोर्ड खोलला तर 1.5 ची, बारीक. बाथरूममध्ये तर जुन्या फरशीवरच नवीन टाइल चिकटवलेली, खाली वॉटरप्रूफिंग नावाला नाही. वॉटरप्रूफिंग केल्यावर नहाणी ट्रॅप (पाणी जायची जाळी) बंद करून 48 तास पाणी भरून ठेवतात आणि खालच्या घरात जाऊन छत बघतात. मी काकूंना एक फोन केला असता तरी समजलं असतं की घरात महिनाभर कोणी फिरकलंच नाहीये. जे भिंतीत आणि फरशीखाली जातं तेच तो खातो, वरची टाइल मात्र चकाचक.

त्याने नंबर ब्लॉक केलाय. पोलीस चौकीत म्हणाले हा दिवाणी मॅटर आहे. 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला फोन केला, मग वकील भाचीने सांगितलं की 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे मला नागपुरातच करता येईल, दोन वर्षांच्या आत करायची, आणि 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पुरावा म्हणून यूपीआयच्या एंट्र्या आणि चॅट आहे. कॅशचं काय, तर ते गेलं. 500 च्या स्टॅम्प पेपरवर दोन पानं करून घेतली असती तर, असं हे रोज एकदा तरी म्हणतात, मी ऐकून घेते.

सध्या बाथरूम परत फोडलंय. नवा मिस्त्री कमी बोलतो, ताई वगैरे काही म्हणत नाही. मी पॅसेजमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून सकाळी नऊपासून बसते, सिमेंटच्या गोण्या मोजते, तो वैतागलाय. उद्या पाणी भरायचंय. काकूंनी देवघरातले देव दोन दिवसांसाठी हॉलमध्ये हलवलेत.