पार्टिशन सरकवल्यावर ग्रबची दुरुस्ती: बूट-रिपेअर की सीएचरूट?

पार्टिशन्सची (डिस्कच्या भागांची) सरकवासरकव संपवून संगणक पुन्हा सुरू करावा आणि नेहमीच्या मेनूऐवजी काळ्या पडद्यावर ग्रबची (सुरुवातीलाच लिनक्स की विंडोज हे विचारणाऱ्या बूटलोडरची) एकच ओळ दिसावी, अशी वेळ माझ्यावर दोनदा आली. पहिल्यांदा घरच्या डेस्कटॉपवर मी बूट-रिपेअर हे तयार दुरुस्ती-साधन वापरले. दुसऱ्यांदा लॅपटॉपवर लाईव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून डिस्कवर न बसवताही लिनक्स चालते) सीएचरूट करून, म्हणजे डिस्कवरच्या लिनक्सच्या आत शिरून, ग्रब हाताने बसवला. विंडोज काढून टाकणे मला शक्य नाही, कारण बराचसा जुना मजकूर श्रीलिपीत आहे आणि तो अधूनमधून उघडावा लागतो. त्यामुळे सगळे पुसून नव्याने बसवण्याचा सल्ला माझ्या कामाचा नव्हता. तुमचीही अडचण अशीच असेल, तर या दोन मार्गांपैकी कोणता धरावा हे ठरवताना माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण निवड बऱ्याच अंशी तिच्यावर अवलंबून आहे. पार्टिशन नुसते डावी-उजवीकडे सरकवल्याने त्याचा यूयूआयडी (एकमेव ओळख क्रमांक) बदलत नाही, त्यामुळे अनेकदा काहीही बिघडत नाही. बिघडते ते पार्टिशनचा क्रमांक बदलला किंवा ते नव्याने फॉरमॅट केले तर. माझा डेस्कटॉप जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणारा आणि एमबीआर मांडणीचा (डिस्कच्या अगदी पहिल्या तुकड्यात पार्टिशन्सची नोंद ठेवणारा) आहे. त्यावर लॉजिकल पार्टिशन्सपैकी पाचवे बॅकअपचे, सहावे लिनक्सचे आणि सातवे स्वॅपचे (मेमरीला पूरक जागेचे) होते. जागा हवी म्हणून मी पाचवे काढले, स्वॅप काढून शेवटी नव्याने तयार केले आणि लिनक्सचे पार्टिशन डावीकडे ओढून वाढवले. लॉजिकल पार्टिशन्सपैकी मधले एक गेले की त्यापुढच्यांचे क्रमांक एकेकाने कमी होतात, म्हणून लिनक्स पाचवे झाले आणि स्वॅप सहावे. एमबीआर आणि पहिले पार्टिशन यांमधल्या मोकळ्या जागेत ग्रबचा जो गाभा बसवलेला असतो, त्यात मात्र सहावा क्रमांकच लिहिलेला होता. ग्रब आपल्या फाइल स्वॅपमध्ये शोधत राहिला आणि 'अनोळखी फाइलसिस्टिम' असे सांगून ग्रब रेस्क्यूच्या ओळीवर थांबला.

लॅपटॉपचा प्रकार वेगळा होता. तो यूईएफआय या नव्या पद्धतीने सुरू होणारा. तिथे मी लिनक्सचा सगळा मजकूर आर-सिंक या कॉपी करणाऱ्या आज्ञेने एका नव्याने फॉरमॅट केलेल्या पार्टिशनवर नेला होता, म्हणजे यूयूआयडीच बदलला. ईएफआय पार्टिशनमधल्या (जिथे बूट फाइल असतात) उबंटूच्या, म्हणजे माझ्या लिनक्सच्या, फोल्डरात दोन-तीन ओळींची एक छोटी ग्रब फाइल असते आणि ती फक्त 'अमुक यूयूआयडी शोध आणि पुढचे तिथून वाच' एवढेच सांगते. तो यूयूआयडी आता कुठेच नव्हता. तेथे रेस्क्यू नव्हे, तर साधा ग्रब प्रॉम्प्ट समोर आला.

बूट-रिपेअरबद्दल मला आदर आहे आणि तो खाली मी जे लिहिणार आहे त्याने कमी होत नाही. लाईव्ह पेनड्राइव्हवरून उबंटू सुरू करावे, पीपीए (उबंटूसाठीचा बाहेरचा सॉफ्टवेअर-साठा) जोडून साधन बसवावे, शिफारस केलेल्या दुरुस्तीचे बटण दाबावे आणि वाट पाहावी. त्याला इंटरनेट लागते. माझ्या डेस्कटॉपचे वायफाय लाईव्ह सत्रात ओळखले जात नव्हते, तेव्हा मोबाईल केबलने जोडून काम भागवले. पाव तासाच्या आत मेनू परत आला आणि त्यात विंडोजही होते. हे साधन शेवटी बूट-इन्फो नावाचा जो अहवाल तयार करते, तो तर फारच मोलाचा वाटतो. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला काय बसले आहे, कोणत्या पार्टिशनवर कोणती बूट फाइल आहे, एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन्स जोडायची त्या यादीत) काय लिहिले आहे, हे सगळे एका जागी मिळते. दुसऱ्या कोणाला मदत मागायची असेल तर एवढा एक अहवाल पुरतो. एकच सावधगिरी सुचवतो. मी वापरले तेव्हा मूळ निवडीत ग्रब यूएसबी वगळता सगळ्या डिस्कवर बसवला जाणार होता. ज्यांनी विंडोज वेगळ्या डिस्कवर ठेवले आहे, त्यांनी प्रगत पर्यायांत जाऊन नेमकी डिस्क निवडावी हे बरे.

मग मला खटकले काय? दुरुस्तीनंतर मेनूतून लिनक्स निवडले की सुमारे तीस सेकंद पडद्यावर काहीच घडत नसे. त्यानंतर एक लाल तारांकित पट्टी इकडून तिकडे फिरू लागे, तिच्या शेजारी एका लांबलचक यूयूआयडीसाठी काम चालू असल्याचा संदेश येई आणि सेकंद मोजले जात, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत. ते संपल्यावर मगच लॉगिन. यंत्र चालत होते, पण रोज सकाळी दोन मिनिटे असे थांबावे लागे, आणि मला वाटत राहिले की डिस्कच खराब होत चालली आहे. मी तिची स्मार्ट चाचणी (डिस्कची आरोग्य-तपासणी) घेतली, केबल बदलून पाहिली, बूट-रिपेअर आणखी दोनदा चालवले. दर वेळी त्याने यश मिळाल्याचे सांगितले आणि त्याच्या बाजूने ते खरेही होते, कारण बूटलोडर ठीकच होता.

कारण सापडले ते आठवडाभराने, तो यूयूआयडी कागदावर उतरवून घेतला तेव्हा. तो माझ्या जुन्या, मी स्वतः काढून टाकलेल्या स्वॅप पार्टिशनचा होता. एफएसटॅबमध्ये जुनीच नोंद होती, म्हणून सिस्टिमडी (लिनक्समधल्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) त्याची दीड मिनिट वाट पाहत होते. त्याआधीची तीस सेकंदे इनिटरॅमएफएसची (मूळ पार्टिशन जोडण्याआधी चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या यंत्रणेची) होती. उबंटू-डेबियनमध्ये हायबरनेशनसाठी रिझ्यूम नावाच्या छोट्या फाइलीत स्वॅपचा यूयूआयडी लिहिलेला असतो, तोही जुनाच होता. दोन ठिकाणी नवा यूयूआयडी लिहिला, इनिटरॅमएफएस नव्याने तयार केला आणि थांबणे त्याच क्षणी संपले. हे काम बूटलोडर दुरुस्त करणाऱ्या साधनाचे होते असे मी म्हणत नाही. पण पार्टिशन्स हलवल्यानंतर जे मोडते ते फक्त ग्रब नसते, आणि एका बटणाने मेनू परत आल्यामुळे बाकीचे तपासण्याची गरजच मला त्या वेळी जाणवली नाही.

लॅपटॉपच्या वेळी म्हणून मी सीएचरूटचा मार्ग घेतला. त्यात पहिलेच पाऊल असे आहे की सगळ्या पार्टिशन्सचे यूयूआयडी समोर यादीत काढावे लागतात. नवे मूळ पार्टिशन एमएनटी फोल्डरवर माउंट केले (जोडले), ईएफआय पार्टिशन त्याच्या आतल्या बूट-ईएफआयवर, मग लाईव्ह यंत्रणेची डेव्ह, प्रॉक, सिस आणि रन ही चारही फोल्डरे बाइंड केली, म्हणजे आतूनही दिसतील अशी जोडली. ईएफआय पार्टिशन माउंट करायचे राहिले तर ग्रब बसवणारी ग्रब-इन्स्टॉल ही आज्ञा ईएफआय फोल्डर सापडत नसल्याचे सरळ सांगून थांबते. ही चूक माझ्याकडून झाली होती, पण संदेश इतका नेमका होता की मिनिटभरात उलगडा झाला. आत शिरल्यावर सगळ्यात आधी एफएसटॅब उघडला आणि यादीशी एकेक ओळ ताडून पाहिली. मूळ पार्टिशनची ओळ जुनी होती, ती तिथेच दुरुस्त केली. त्यानंतर ग्रब-इन्स्टॉल आणि मेनू नव्याने तयार करणारी अपडेट-ग्रब या आज्ञा चालवल्या. तेवढ्यात एक अडथळा आला. ग्रबच्या २०२१ सालच्या २.०६ आवृत्तीपासून ओएस-प्रोबर (इतर यंत्रणा शोधून मेनूत घालणारा प्रोग्रॅम) मूळातच बंद ठेवलेला असतो, त्यामुळे विंडोज मेनूत आले नाही. ग्रबच्या डिफॉल्ट फाइलीत तो सुरू करण्याची एक ओळ घालून अपडेट-ग्रब पुन्हा चालवले, तेव्हा विंडोज बूट मॅनेजर यादीत दिसला. सगळे मिळून अर्ध्या तासाहून थोडा अधिक वेळ लागला, म्हणजे बूट-रिपेअरच्या दुपटीहून जास्त. मात्र त्यानंतर लॅपटॉप पूर्वीइतक्याच वेळात सुरू झाला आणि नेमके काय बदलले हे मला ठाऊक होते.

दोन्ही मार्गांना लागू असलेली एक अट सांगायला हवी. मूळ यंत्रणा ज्या पद्धतीने बसवली आहे, यूईएफआय की जुनी बायोस, त्याच पद्धतीने लाईव्ह पेनड्राइव्ह सुरू झाला पाहिजे. लाईव्ह सत्रातल्या सिस-फर्मवेअर फोल्डरात ईएफआय नावाचे फोल्डर आहे का, एवढे पाहिले की खात्री होते. त्याचप्रमाणे विंडोजचे पार्टिशन हलवले असेल आणि विंडोजच सुरू होत नसेल, तर ते ग्रबचे दुखणे नसून बीसीडीचे (विंडोजच्या स्वतःच्या बूट-नोंदींचे) असू शकते, आणि त्यासाठी विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा वापरणे योग्य. विंडोजच्या बूटरेक आज्ञेची एमबीआर दुरुस्ती सवयीने आधी चालवू नये, कारण जुन्या पद्धतीच्या यंत्रावर ती ग्रबचा पहिला तुकडाच पुसते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्क-एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवूनच कामाला लागावे.

ज्यांना टर्मिनलची सवय नाही, किंवा ज्यांना दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाचे यंत्र फोनवरून सुरू करून द्यायचे आहे, त्यांनी बूट-रिपेअरच घ्यावे असे मला वाटते. फोनवर बाइंड माउंटच्या ओळी सांगणे दोघांच्याही सहनशक्तीची परीक्षा असते. मेनू परत आल्यावर तेवढा एफएसटॅब आणि रिझ्यूम फाइल एकदा तपासून घ्यावी. ज्यांची डिस्क एन्क्रिप्ट केलेली आहे, त्यांना सीएचरूटपूर्वी ती उघडण्याची पावले जास्तीची करावी लागतील, हेही लक्षात असू द्यावे. बाकी ज्यांनी स्वतः पार्टिशन्स हलवली आहेत आणि ज्यांना आज्ञा टाइप करण्याचा संकोच नाही, त्यांच्यासाठी माझा कौल, थोडा जपून का होईना, सीएचरूटकडे झुकतो. डेस्कटॉपवर पुढे पुन्हा जागा वाढवायची वेळ आली, तेव्हा मी आधी यूयूआयडींची यादी छापून घेतली आणि मगच पेनड्राइव्ह लावला.