पत्र्याखालचं बबल फॉइल : उन्हाळा, पावसाळा आणि थंडी काढल्यावर

पत्र्याची धग अडवायला लावतात ते बुडबुड्यांच्या प्लास्टिकचं चकचकीत फॉइल चांगलं आहे. त्याच्यासोबत मिळणारी टेप मात्र घेऊच नका.

आमचं मळ्यातलं घर यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. विजेचा खांब लांब, त्यामुळे सगळं सोलरवर. भिंती नऊ इंची विटांच्या, वर पत्रे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. मिस्त्रीने मजुरीचा आकडा सांगितला आणि मी धाकट्या भावाला शिडी धरायला बोलावलं.

दुकानदार म्हणाला, "आतून पत्र्याला टेपने चिकटवा, दोन तासांचं काम." मार्चमध्ये चिकटवलं. एप्रिलमध्ये जेवायला बसलो असताना पहिला पट्टा ताटावर आला, मग एकामागून एक सगळेच. टेपचा डिंक वितळून पत्र्यावर पिवळे ओघळ. फोन केला तर म्हणे, "पत्रा नीट पुसला नसेल." अहो, थिनरने पुसलाय! पुन्हा फोन केला तर महागातली ॲल्युमिनियम टेप घ्या म्हणाला. म्हणजे त्याची टेप पडली, खिसा माझा.

बरं, टेप टिकली असती तरी काय? चकचकीत फॉइल तापलेल्या पत्र्याची धग परतवतं, पण त्यासाठी मध्ये हवेची मोकळी जागा लागते. पत्र्याला चिकटलं की उष्णता सरळ त्यात उतरते आणि कामाला उरतो तो बुडबुड्यांचा पातळ थर. विकणाऱ्याला एवढंही माहीत नसावं?

मग बांबूच्या कामट्या काढून अँगलखाली बाइंडिंग तारेने आवळल्या आणि त्यांवर फॉइल अंथरलं. वर दीड-दोन इंच पोकळी राहिली. पक्कडीने एक पीळ जास्त बसला की तार फॉइल चिरते, म्हणून तारेखाली जुन्या ड्रिपच्या नळीचे तुकडे घातले. शेजारच्या मळ्यातले अप्पा डोकावले, "काय भो, घराला चांदीचा वर्ख लावला का?"

दुपारी खोलीत 43 दिसायचं, ते 39 वर आलं. रात्री मात्र मी वैतागलो. बाहेर बाजेवर वारा लागतोय आणि आत उकडतंय! विटा दिवसभर तापतात आणि रात्री ती धग सोडतात. फॉइल तिलाही अडवतं. पैसे पाण्यात गेले, असं तेव्हा घरात बोलूनही दाखवलं. पुढे समोरासमोरच्या वरच्या झरोक्यांना जाळी बसवून ते रात्रभर उघडे ठेवले, पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून चुन्याचे दोन हात दिले, आणि झोप लागायला लागली.

मला खरा फायदा बॅटरीत दिसला. 12 व्होल्ट, 150 एएच. निम्मीच वापरायची तर 900 वॅट-तास. 180 वॅटचा कूलर पाच तासांत ते संपवतो. आता कूलर दिवसा पॅनलवरच, रात्री 30 वॅटचा, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा पुरतो.

पावसाळ्यात तर मी खूशच झालो, पत्र्याखाली फोनवर बोलता येतं! डिसेंबरात पहाटे पत्र्याला दव धरून थेंब गादीवर पडायचे, ते आता फॉइलवरून भिंतीकडे ओघळतात. उंदरांनी एक कोपरा कुरतडलाय, तिथे जाळी मारणार आहे.

चुलीच्या खोलीत हे लावलेलं नाही, लावूही नका. प्लास्टिकच ते, ठिणगीने पेटेल. तिथे रॉकवूल, म्हणजे दगडाच्या धाग्यांची लोकर, घालायचा विचार आहे, पण अंगाला खाजतं म्हणतात. कुणी स्वतः बसवलं असेल तर खर्च सांगा, मजुरी सोडून.