स्ट्रीम की मिरर? ऑफिसच्या कॉम्प्युटरवर काय ठेवावं

ऑफिसच्या फाइल्स क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवर, साठवायला वनड्राइव्ह घ्यायचं की गूगल ड्राइव्ह, यावर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चहा पिता पितासुद्धा वाद रंगतात. मला तो प्रश्न दुय्यम वाटतो. 'सिंक होत नाही' (म्हणजे इथली आणि क्लाउडवरची फाइल जुळत नाही), 'उघडत नाही', 'काल होती, आज कुठं गेली' या रोजच्या कटकटींचं मूळ बरेचदा एकाच सेटिंगमध्ये सापडतं. फाइल्स क्लाउडवर ठेवून लागतील तशा उतरवायच्या, की सगळ्या कॉम्प्युटरवरच ठेवायच्या? गूगल ड्राइव्हमध्ये याला स्ट्रीम आणि मिरर म्हणतात. वनड्राइव्हमध्ये पहिल्याचं नाव फाइल्स ऑन-डिमांड. दुसरं हवं असेल तर फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडायचं.

स्ट्रीमचे फायदे खरेच आहेत. 256 जीबीच्या एसएसडीवरही वर्षानुवर्षांचा पसारा दिसत राहतो, आणि नवा कॉम्प्युटर लावला की लगेच काम सुरू. मिररला पहिल्यांदा सगळं उतरायला रात्र जाते.

माझं मन मात्र एका गोष्टीमुळे उडालं. स्ट्रीममध्ये फाइल दिसते, पण असतेच असं नाही. आमचं काम कास्टिंगच्या ड्रॉइंगचं. पावसाळ्यात लाईट जाते, कॉम्प्युटर यूपीएसवर चालू राहतो, पण खांबावरच्या बॉक्सची लाईट गेल्यामुळे इंटरनेट बंद. समोर शिरोलीची पार्टी बसलेली. फोल्डरमध्ये ड्रॉइंगचं नाव बरोबर, तारीख बरोबर, साइजसुद्धा बरोबर. डबल क्लिक केलं की नुसतं चक्र फिरतंय. शेजारी तो ढगाचा बारीक आयकॉन. मालक म्हणतात, "अहो, दिसतंय की समोर!" यावर काय उत्तर देणार?

एक्सरेफ, म्हणजे आत दुसरी ड्रॉइंग फाइल, जोडलेल्या ड्रॉइंगचं तर आणखी अवघड. मुख्य फाइल उतरलेली असते, जोडलेली वर क्लाउडवरच राहते. मग ड्रॉइंग उघडतं, पण अर्धवट, आणि घाईत ते लक्षातही येत नाही. 'मागं उघडली होती म्हणजे असेलच' यावरही विसंबू नका. विंडोजमध्ये डिस्कवरची जागा मोकळी करणारं स्टोरेज सेन्स तसं लावलेलं असेल, तर ठरावीक दिवस हात न लागलेल्या वनड्राइव्हच्या फाइल्स तो परत ऑनलाइन-ओन्ली, म्हणजे फक्त क्लाउडवर, करतो. 'ऑलवेज कीप' केलेल्यांना तो हात लावत नाही.

तुमच्याकडे इंटरनेटच्या दोन लाइनी असतील आणि काम मुख्यतः वर्ड-एक्सेलचं असेल, तर स्ट्रीमनं तुमचं छान भागेल. मी वाद घालणार नाही. मिररलाही खोडी आहेतच. डिस्क भरली की सिंक थांबतं आणि घड्याळाशेजारच्या आयकॉनकडे कुणी बघत नाही. मिरर म्हणजे बॅकअप असाही गैरसमज नको, कारण इथं डिलीट केलेलं सगळीकडून जातं. गूगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ते 30 दिवस असतं, वनड्राइव्हच्या ऑफिस खात्यात साधारण 93. गूगलचा शेअर्ड ड्राइव्ह (सगळ्या टीमचा सामायिक) वापरत असाल तर मिरर मिळतच नाही. तिथं रोजचं फोल्डर 'अव्हेलेबल ऑफलाइन' करून ठेवायचं.

दोघांनी एकच ड्रॉइंग एकाच वेळी बदललं, तर दोन्ही पद्धतींत घोळ होतो. अशा वेळी वनड्राइव्ह दुसऱ्या कॉपीच्या नावाच्या शेवटी कॉम्प्युटरचं नाव लावतो. म्हणून कॉम्प्युटरांना विंडोजनं दिलेली अगम्य नावं बदलून टेबलाप्रमाणे नावं द्या, म्हणजे कॉपी कुणाची हे विचारत हिंडावं लागत नाही.

आमच्याकडे आता ड्रॉइंगच्या टेबलांवर चालू कामं मिरर आहेत, जुन्या वर्षांची क्लाउडवरच. मार्केटिंगवाल्यांचे लॅपटॉप स्ट्रीमवर सोडलेत, त्यांची काही तक्रार नाही. टॅलीचा, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा, चालू डेटा मात्र दोन्हींपैकी कशातच ठेवू नका. लिहिणं चालू असतानाच सिंकनं फाइल्स उचलल्या तर डेटा बिघडू शकतो. तो लोकल डिस्कवर ठेवायचा आणि संध्याकाळी टॅलीतून बॅकअप घेऊन फक्त ती फाइल सिंकच्या फोल्डरमध्ये टाकायची.