चावीच्या ग्रामोफोनची मोटर पुरी खोलून देणारं परतवाड्याचं दुकान

ज्यायच्या घरी चावीचा ग्रामोफोन आहे अन् वाजता वाजता मधातच धप्प धप्प आवाज येऊन गाणं हेलकावे खाते, त्यायनं परतवाड्याच्या ह्या शिलाई मशीन-घड्याळ दुरुस्तीवाल्या काकांकडं एकदा जाच. आमचा एचएमव्हीचा १०२ मॉडेल आहे, पेटीवाला. आधी दुसऱ्या गावच्या एका मेकॅनिकनं वरूनच तेल सोडलं अन् झालं भाऊ म्हणून पैसे घेतले, पण वरच्या तेलानं ते होतच नाही ना! आवाज स्प्रिंगच्या ड्रममधून येते, म्हणजे चावीनं आवळते ती स्प्रिंग ज्या गोल डब्यात असते त्यातून. आतलं जुनं ग्रीस वाळून डिंकासारखं होते, वेढे एकमेकाले धरून बसतात अन् एकदम सुटतात, म्हणून तबकडीले झटका बसते.

काकांनी पयले चावी पुरी उतरू देली, मोटर फिरून फिरून थांबली तेव्हाच पेचकस हातात घेतला. चावी भरलेली असताना खोललं तर स्प्रिंग हात फाडते, म्हणून हे घरी करूच नका. मंग चामड्याचे हातमोजे घालून एकेक वेढा सोडत स्प्रिंग काढली, मातीच्या तेलात धुतली, तडा आहे का म्हणून उजेडात पाहिली, कोरडी पुसली अन् ग्रॅफाइट ग्रीस लावून परत बसवली. गिअरले ग्रीस, गव्हर्नरच्या (मोटरचा वेग आवरणाऱ्या भागाच्या) बेअरिंगले मात्र शिलाई मशीनचं पातळ तेल, तेही थेंब थेंबच. मी विचारलं सगळीकडं एकच ग्रीस लावलं तर काय होते, तर म्हणले, "बाप्पा, गव्हर्नरात जाड ग्रीस गेलं का मोटर दमते."

गव्हर्नरची गादी कडक झालती, तीही बदलली. स्पीडचा सगळा खेळ त्या गादीवरच आहे, वेग वाढला का तीन वजनं बाहेर फाकतात, चकती सरकून गादीले घासते अन् मोटर आवरते.

स्पीड जमवाले त्यायच्याकडं ७७ रेघांची कागदी चकती आहे. आपल्या ५० हर्ट्झच्या लायटीवर पिवळा बल्ब लावला अन् रेघा एका जागी थांबल्यासारख्या दिसल्या का समजा ७८ चा स्पीड (मिनिटाले ७८ फेरे) बसला. मधात लाइन गेली तर अंदाजानं उरकलं नाही, लाइन येईपर्यंत थांबले. असा माणूस आता कुठं भेटते?

आता गाणं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एका सुरात चालते, मले लय आनंद झाला.

कमी एवढीच का साउंडबॉक्सचं, म्हणजे सुई बसते अन् आवाज निघते त्या गोल डबीचं, काम ते घेत नाहीत. आमच्या साउंडबॉक्सचं रबर वाळलं आहे, त्यामुळं उंच सुरात आवाज अजून फाटते, ते दुसरीकडून करावं लागन. लग्नसराईत शिलाई मशीनीची गर्दी असते, तेव्हा ग्रामोफोन मागं पडते. पैसे आधीच सांगतात, नंतर वाढवत नाहीत.

सुया तिथं मिळत नाहीत, सोबत न्या, रेकॉर्डच्या दर बाजूले नवी सुई लागते. अन् टेस्टिंगले घासलेली जुनी रेकॉर्ड न्या, चांगली नेऊ नका.